वृद्धाश्रम की शुश्रूषा केंद्र? गरज ओळखण्यापासून नेण्याच्या दिवसापर्यंत

‘उद्या डिस्चार्ज आहे, एखादं चांगलं केंद्र सुचव ना,’ असा फोन मला महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. मी लगेच पत्ता देत नाही. आधी विचारते, रात्री त्यांना किती वेळा उठवावं लागतं? बहुतेकांना सांगता येत नाही. आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते, कारण जागा आधी शोधली जाते आणि गरज नंतर कळते.

आमचंही तसंच झालं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर आम्ही झाडं, मोकळी हवा आणि भजनाचा हॉल बघून एका वृद्धाश्रमात नाव घातलं. तिथे स्वतःचं स्वतः करणारेच लोक राहत होते. बाबांना संडासला न्यायला दोन माणसं लागायची. एकविसाव्या दिवशी फोन आला, ‘यांना घेऊन जा.’ चूक संस्थेची नव्हती. आम्ही गरज नीट सांगितलीच नव्हती, कारण ती आम्हालाच ठाऊक नव्हती. म्हणून खालचा क्रम मोडू नका. घाई असेल तेव्हा तर मुळीच नाही.

## टप्पा १: तीन दिवस, तीन रात्री नोंद ठेवा

एक वही घ्या. सहा गोष्टी लिहा: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण. प्रत्येकापुढे तीनपैकी एक लिहा: स्वतः करतात, एका माणसाची मदत लागते, पूर्ण दुसऱ्यावर अवलंबून. ‘तसं बरंय, थोडं धरावं लागतं’ असं लिहू नका. एकाने धरायचं की दोघांनी, यावर केंद्राचा प्रकार आणि महिन्याचा खर्च, दोन्ही बदलतात.

रात्रीची नोंद वेगळी ठेवा. किती वाजता उठले, कशासाठी, पुन्हा झोपायला किती वेळ लागला. दिवसा शांत असणारी माणसं रात्री दाराची कडी काढून बाहेर पडतात, हे दिवसा भेटायला येणाऱ्या मुलांना माहीतच नसतं. ते सुनेला किंवा रात्रीच्या मावशींना माहीत असतं. त्यांना विचारा.

मग वैद्यकीय बाजू: इन्सुलिन, नाकातली नळी, लघवीची नळी, ऑक्सिजन, बेडसोर (पडून राहून होणारी जखम), फिट, गिळताना ठसका, विसरभोळेपणा. गिळताना ठसका लागतो हे सांगायला लोक हमखास विसरतात. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या वयात जिवावर बेततो. ही नोंद घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि एक पानाचं टिपण लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डात आजार असतो, रोजची गरज नसते.

तपासा: नोंद वाचून अनोळखी माणसाला या व्यक्तीचे चोवीस तास डोळ्यांपुढे आणता येतात का? येत नसतील तर आणखी एक रात्र जागा.

## टप्पा २: ज्यांना जायचं आहे त्यांच्याशी आधी बोला

हे बोलणं जागा ठरल्यावर करायचं नसतं. तेव्हा ते बोलणं राहत नाही, कळवणं होतं. बोलताना सगळी भावंडं नकोत. ज्याचं ते ऐकतात असं एकच माणूस बसू द्या. ‘आम्हाला जमत नाही’ हे खरं असेल तर तेच सांगा. त्यांना काय हवं ते विचारा: खोलीत एकटं की सोबत, मांसाहार चालणार का, रोजची पूजा, पेपर, कोणत्या भागात म्हणजे ओळखीचे लोक येऊन भेटतील. माझ्या आईला घर सोडण्यापेक्षा ‘पुरुष अटेंडंट अंघोळ घालेल’ याची धास्ती जास्त होती. विचारलं नसतं तर कळलं नसतं.

इशारा: ‘चार दिवस हवापालटाला’ असं खोटं सांगून नेऊ नका. पाचव्या दिवशी त्यांचा केंद्रावरचा आणि तुमच्यावरचा, दोन्ही विश्वास जातो आणि मग जेवण-औषध नाकारणं सुरू होतं. स्मृतिभ्रंश असेल तर लांब समजावणी नको. छोटं, खरं वाक्य तेच तेच शांतपणे सांगा: ‘इथे तुझी काळजी घेणारी माणसं आहेत, मी रविवारी येते.’ आणि रविवारी जा.

## टप्पा ३: प्रकार ओळखा, मगच नावं काढा

आधी एका शब्दाचा घोळ. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटं खासगी रुग्णालय: बाळंतपण, ऑपरेशन, चार दिवसांची भरती. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. अमेरिकेत असलेला मुलगा जेव्हा ‘नर्सिंग होम बघ’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात म्हाताऱ्या, परावलंबी माणसांची दीर्घकाळ राहण्याची जागा असते. व्हॉट्सॲपवर हा घोळ झाल्यामुळे भलत्याच ठिकाणी चौकशी करून आलेली घरं मी पाहिली आहेत. त्याला तुमच्या वहीतली सहा गोष्टींची यादी पाठवा, शब्द नको.

वृद्धाश्रम. हिंडत्याफिरत्या, स्वतःचं करणाऱ्या माणसांसाठी. काही सरकारी अनुदानावर, काही ट्रस्टचे, काही पूर्ण पैसे भरून. राज्याच्या योजनेतले ‘मातोश्री वृद्धाश्रम’ हे याच प्रकारातले. बहुतेक ठिकाणी अंथरुणाला खिळल्यावर ठेवत नाहीत. तो नियम प्रवेशाआधी विचारा.

ज्येष्ठांची वसाहत. स्वतःचा किंवा भाड्याचा फ्लॅट. जेवणघर, डॉक्टर, आपत्कालीन घंटी वसाहतीत. पुण्यातली ‘अथश्री’ हे ओळखीचं उदाहरण. इथे शुश्रूषा आपोआप मिळते असं धरून चालू नका.

मदतीसह निवास, म्हणजे जाहिरातीतलं असिस्टेड लिव्हिंग. अंघोळ, कपडे, औषधं यांना मदत, पण माणूस खुर्चीत बसू शकतो, हाताने जेवू शकतो.

शुश्रूषा केंद्र. नळ्या, डायपर, जखमेचं ड्रेसिंग, दर दोन तासांनी कूस बदलणं. अंथरुणावरच्या माणसाला हेच हवं. चोवीस तास नर्स असायलाच हवी, फक्त मावशी आणि मामा, म्हणजे मदतनीस, नव्हे.

स्मृतिभ्रंश केंद्र. चालतंफिरतं पण हरवणारं माणूस. इथे सुरक्षित दार, मोकळं अंगण आणि न ओरडणारे कर्मचारी हवेत.

पुनर्वसन केंद्र. झटका किंवा खुब्याच्या ऑपरेशननंतर काही आठवडे, रोज फिजिओथेरपीसह. पुन्हा उभं राहण्याची आशा असताना थेट शुश्रूषा केंद्रात टाकणं ही मला सर्वांत वाईट चूक वाटते. झटक्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणेचे असतात, ते अंथरुणावर घालवू नका.

परिहार सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. बरा न होणारा आजार, वेदना, शेवटचा काळ. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र कॅन्सरच्या रुग्णांना मोफत सेवा देतं. मुंबईत वांद्र्याला आणि गोव्यात शांती आवेदना सदन आहे. वेदना असह्य असताना साध्या शुश्रूषा केंद्रात ठेवलं तर मॉर्फिनसारखी औषधं वेळेवर मिळतीलच असं नाही.

तात्पुरती सोय. काही केंद्रं पंधरा दिवस, महिनाभर ठेवून घेतात. तीच सर्वांत चांगली चाचणी.

## टप्पा ४: पैसे आणि कागद

दर विचारताना ‘महिन्याला किती?’ एवढंच विचारलं तर अर्धंच उत्तर मिळतं. कोरा कागद पुढे करा आणि त्यात वेगळं लिहून घ्या: खोली, जेवण, नर्सिंग, डायपर, हातमोजे, ड्रेसिंगचं सामान, नळीतून द्यायचं अन्न, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, हवेची गादी, ऑक्सिजन मशीन, ॲम्ब्युलन्स, कपडे धुणं. दिवसाला चार डायपर धरले तरी महिन्याचे एकशेवीस होतात. ते बिलात आहेत की तुम्ही आणून द्यायचे, यावर हिशेब फिरतो.

मेडिक्लेम साधारणपणे रुग्णालयातल्या भरतीचा खर्च देतं, केंद्रातल्या राहण्याचा नाही. सत्तरी पार केलेल्यांसाठी २०२४ मध्ये आलेलं आयुष्मान कार्डही यादीतल्या रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. ते जरूर काढा, पण केंद्राच्या मासिक खर्चाच्या हिशेबात धरू नका.

आता कागद. माणूस शुद्धीत आणि समजत्या स्थितीत असतानाच हे करा:

- बँक खात्यावर नॉमिनी आणि शक्य तर संयुक्त नाव. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, पण तो दोन साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो.
- पेन्शन असेल तर हयातीचा दाखला. नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो; केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमनला बोलावून शुश्रूषा केंद्रात राहूनही काढता येतो.
- मृत्युपत्र.
- वैद्यकीय पूर्वनिर्देश, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको याची त्यांची लेखी इच्छा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे.

इशारा: कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) केलं म्हणजे सगळं झालं, हा समज मोडा. आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की साधं कुलमुखत्यारपत्रही संपतं. स्मृतिभ्रंश वाढल्यावर घर विकून खर्च भागवायचा असेल तर पालकत्वासाठी न्यायालयात जावं लागतं. निदान झाल्याबरोबर वकिलांना भेटा.

आणि घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने देणार असाल, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे दस्तातच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडली तर असं हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट दस्तात नसेल तर ती होती हे सिद्ध करणं फार जड जातं. भावंडांपैकी कुणी खर्च उचलायला तयार नसेल, तर याच कायद्याखाली आईवडिलांना स्वतः प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो.

## टप्पा ५: पाहणी, निदान दोनदा

पहिली भेट वेळ ठरवून, दुसरी न सांगता. पहिल्या भेटीत तुम्हाला ऑफिस आणि बाग दिसते, दुसऱ्या भेटीत केंद्र दिसतं. दुसरीसाठी मी रात्री नऊच्या आसपासची वेळ सांगते. आत जाऊ देत नसतील तर निदान गेटपाशी उभं राहून रात्रीच्या पाळीला किती माणसं आत जातात ते मोजा.

आत गेल्यावर भिंती बघू नका, माणसं बघा. नखं कापलेली आहेत का. दाढी. तोंड कोरडं, ओठ फुटलेले आहेत का. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की पायथ्याच्या टेबलावर. बोलावण्याची घंटी उशाशी आहे की तिची दोरी वर गुंडाळून ठेवली आहे. चादर उचलून टाचा बघायला मिळाल्या तर बघा. बेडसोर माकडहाडावर आणि टाचांवर आधी येतो.

बाबांसाठी दुसरी जागा शोधताना एका केंद्रात कूस बदलण्याचा तक्ता पलंगाला छान अडकवलेला होता. दर दोन तासांचे रकाने, प्रत्येकात सही. मला कौतुक वाटलं. बहिणीने घड्याळाकडे बोट केलं. साडेतीन वाजले होते आणि सहाच्या रकान्यापर्यंत सह्या झालेल्या होत्या. आम्ही चहा न घेता निघालो. तेव्हापासून मी तक्ता आहे का हे विचारत नाही, तक्त्यावर आत्ताची वेळ कुठे आहे ते बघते.

नाकातल्या नळीने अन्न कसं देतात ते उभं राहून बघा. उशाकडची बाजू निदान तीस अंश वर हवी, आणि अन्न दिल्यावर अर्धा-एक तास तशीच राहायला हवी. आडव्या माणसाला भराभर अन्न ढकलत असतील तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

जेवणाच्या वेळा विचारा. रात्रीचं जेवण साडेसहाला आणि सकाळचा नाश्ता साडेआठला असेल तर मध्ये चौदा तास जातात. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर पहाटे धोक्याइतकी उतरू शकते. झोपताना दूध-बिस्किट देतात का? पातळ, मऊ, घास अडकणार नाही असं जेवण वेगळं करतात, की सगळ्यांचीच पोळी वरणात कुस्करून देतात?

मग प्रश्न. हे व्यवस्थापकाला नव्हे, पाळीवरच्या नर्सला विचारा:

1. रात्री नर्स किती, मदतनीस किती, रहिवासी किती?
2. नर्सचं शिक्षण काय? जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेल्या नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी असते. क्रमांक सांगता यायला हवा.
3. मदतनीस इथलेच की माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून? ब्युरोची माणसं आठवड्याला बदलत असतील तर तुमच्या आईची सवय कुणालाच कळत नाही.
4. कुणी रात्री उठून चालायला लागलं तर काय करता? ‘बांधतो’ किंवा ‘झोपेचं देतो’ हे सहज तोंडातून आलं तर सावध व्हा.
5. रात्री दोनला श्वास लागला तर पहिला फोन कुणाला, ॲम्ब्युलन्स कुठली, रुग्णालय कुठलं, आणि सोबत कोण जाईल?

शेवटी इमारत. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का, वीज गेली तर हवेची गादी आणि ऑक्सिजन मशीन जनरेटरवर चालतात का, दुसरा जिना मोकळा आहे की त्यात जुने पलंग रचलेत.

तपासा: नोंदणी कशाची आहे? ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा क्रमांक, रुग्णसेवा देत असतील तर नर्सिंग होमची नोंदणी, आणि अग्निशमन दलाचा दाखला. फक्त गुमास्ता परवाना दाखवला तर तो आस्थापनेचा कागद आहे; शुश्रूषेबद्दल तो काहीच सांगत नाही.

## टप्पा ६: करार वाचा, घरी आणून वाचा

छापील नियमावलीवर तिथल्या तिथे सही करू नका. एक रात्र घरी ठेवा. अनामत किती दिवसांत परत, कशाची वजावट, दर वर्षी वाढ किती टक्के, सोडताना किती दिवसांची नोटीस, रुग्णालयात भरती असतानाच्या दिवसांचे पैसे लागतात का, महिन्याच्या मध्ये मृत्यू झाला तर उरलेल्या दिवसांचं काय. हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो. विचारा. त्या दिवशी हिशेबावरून वाद घालण्याची ताकद कुणात नसते.

दोन कलमं स्वतः लिहून घाला. एक: हातपाय बांधणं किंवा झोपेचं नवं औषध सुरू करणं डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय आणि आम्हाला कळवल्याशिवाय होणार नाही. दोन: पडणं, जखम, ताप, जेवण नाकारणं हे त्याच दिवशी फोनवर कळवलं जाईल.

मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देणार हेही लिहून घ्या. केंद्राला बांधलेला एमबीबीएस डॉक्टर नसेल तर मध्यरात्री कारणाच्या दाखल्यासाठी धावाधाव होते, आणि तो मिळाला नाही तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

इशारा: ‘कोणत्याही घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही’ अशी सरसकट ओळ खोडायला सांगा. खोडत नसतील तर निदान ‘निष्काळजीपणा वगळता’ एवढं जोडून घ्या.

## टप्पा ७: नेण्याचा दिवस

शनिवारी संध्याकाळी नेऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, डॉक्टर आणि मुख्य नर्स हजर असताना न्या. रुग्णालयातून थेट न्यावं लागत असेल तर डिस्चार्जच्या आधी केंद्राच्या नर्सला वॉर्डात बोलावून माणूस दाखवा.

औषधांची यादी हाताने, मोठ्या अक्षरात: नाव, किती, कधी, जेवणाआधी की नंतर, आणि आजचा शेवटचा डोस किती वाजता दिला. शेवटची ओळ राहिली की रक्त पातळ करायची गोळी एक तर दोनदा जाते, नाहीतर जातच नाही.

नर्ससमोर अंगावरची प्रत्येक जखम, वळ, बेडसोर बघा, फोटो काढा, तारखेसह कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. त्याच दिवशी वजनही घ्या. महिन्याभराने ‘हे आधीपासूनच होतं’ असा वाद उरत नाही.

सामान थोडं. कपडे सैल, पुढून उघडणारे, प्रत्येकावर न पुसणाऱ्या पेनाने नाव. चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्राच्या जास्तीच्या बॅटऱ्या. सोनं घरी, आधार कार्डाची फक्त प्रत. आणि त्यांच्या हाताला ओळखीची एक वस्तू. बाबांनी ट्रान्झिस्टर मागितला होता. तो उशाशी ठेवला तेव्हा त्यांचा चांगला हात सगळ्यात आधी आवाजाच्या बटणाकडे गेला.

## टप्पा ८: पहिला महिना, आणि हलवायची वेळ आली तर

पहिले काही दिवस गोंधळ, रडणं, रात्री जागणं होऊ शकतं. पण अचानक सारखी गुंगी, बोलणं अडखळणं किंवा ताप आला तर ‘नवीन जागा आहे’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना बोलवा. भेटायला जाण्याची वेळ बदलत राहा. एकदा जेवणाच्या वेळी, एकदा अंघोळीच्या, एकदा दिवे मालवताना. महिन्याला वजन लिहा. उतरत असेल तर जेवण खरंच पोटात जातंय का, हे ताटाशी बसून बघा.

तक्रार आधी तोंडी, मग त्याच दिवशी व्हॉट्सॲप किंवा ईमेलने व्यवस्थापकाला, तारखेसह. मावशींना दमात घेऊन काही साधत नाही; रात्री आईजवळ त्याच असतात. सुधारणा झाली नाही तर ट्रस्टसाठी धर्मादाय आयुक्त, नोंदणीकृत नर्सिंग होमसाठी महापालिकेचा आरोग्य विभाग, पैशांच्या वादासाठी ग्राहक आयोग. मारहाण किंवा छळ असेल तर थेट पोलीस. काय करावं सुचत नसेल तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.

हलवायचं ठरलं तर नोटीस देण्याआधी नवी जागा पक्की करा. जुन्या केंद्रातून औषध दिल्याच्या नोंदी, साखर-रक्तदाबाचा तक्ता, ड्रेसिंगच्या तारखा आणि लघवीची नळी शेवटची कधी बदलली ती तारीख लिहून घ्या. नव्या ठिकाणी पोचल्यावर पुन्हा नर्ससमोर अंग बघा, वजन घ्या, दोघांच्या सह्या करा.